पैसे घेऊन केलेला पाहुणचार

मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. तिथल्या रतनवाडी गावात पिठलं-भाकरीचे पैसे घेतात, म्हणजे हा अतिथिधर्म नव्हे, धंदा, असा आक्षेप असतो. तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानतं खरं. पण यजमानानं पदरमोड करून कंगाल व्हावं, असं त्यात कुठे आहे? १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्याच विल्सन धरणाचं पाणी खाली उसाला गेलं. वरची भातखाचरं पावसाच्याच भरवशावर राहिली. तिथे फुकट जेवण मागणं हाच अधर्म. दर ताटाचा ठरतो. तव्यावरची भाकरी थेट पानात वाढत केलेला आग्रह दरात बसत नाही. तोही गिऱ्हाईक टिकवण्यासाठी असेल? असेना का! काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट पेटते ठेवणाऱ्यांनी यजमानाचा हेतू तपासावा, हेच मुळी अजब.