लोहगाव ते दिल्ली, सव्वादोन तास

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण पावणेबाराशे किलोमीटर. विमान उंचीवर स्थिरावलं की तासाला आठशेच्या आसपास धावतं. म्हणजे सरळ हिशेबाने दीड तास. तिकिटावर मात्र दोन, सव्वादोन तास लिहिलेले असतात. कारण ही वेळ विमान इथल्या जागेवरून हललं तेव्हापासून तिथल्या जागेवर उभं राहीपर्यंतची असते. चढणं, उतरणं, रांगेत ताटकळणं, सगळं त्यातच. त्यातून लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. पाहुण्याने थांबायचं असतं. सदाशिव पेठेतून लोहगावला पोचायला लागणारा वेळ कोणत्याच तिकिटावर नसतो, आणि तो लिहायची हिंमत कुणी करू नये.

ज्यांच्या नावाची ही पेठ, ते सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चमध्ये पडदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, उत्तरेला निघाले. दिल्ली हाती आली ऑगस्टच्या सुरुवातीला. पुण्यापेक्षा बऱ्याच पुढून निघूनही साडेचार महिने! सोबत इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफा, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला निघालेली माणसं. वाटेत पावसाने फुगलेल्या नद्या. एवढा लवाजमा घेऊन कुणीही लवकर पोचलं नसतं.

मला त्या साडेचार महिन्यांपेक्षा पुढचे दहा दिवस जास्त छळतात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं संपलं. भाऊंना कुमक घेऊन निघालेले नानासाहेब पेशवे तेव्हा नर्मदेच्या बाजूला होते. बातमी त्यांच्यापर्यंत यायला जवळजवळ दहा दिवस गेले. भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या आसपास तिने त्यांना गाठलं. तोवर त्यांच्या लेखी चिरंजीव विश्वासराव जिवंत होते, भाऊ लढत होते, आणि पुढची मजल मारण्यात अर्थ होता. त्या काळी माणूस आणि त्याची खबर दोघांनाही घोड्याच्या, सांडणीच्या नाहीतर माणसाच्याच पायांनी यावं लागे. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर गेले. पेठेतून पर्वती चालत जाण्याइतकी जवळ.

आता खबर आधी येते, माणूस मागाहून. दिल्लीत कुणाला मध्यरात्री दवाखान्यात नेलं तर पेठेतल्या घरात फोन त्याच मिनिटाला वाजतो. निघायचं मात्र पहिल्या विमानाने, तेही जागा मिळाली तर. झेलम एक्स्प्रेसला दिवसाहून जास्त लागतो, म्हणून तो विचार कुणी करत नाही. आणि महिना जानेवारीचा असेल तर दिल्लीवर धुकं. फलकावर 'विलंब' झळकत राहतं, आणि सगळं कळूनही माणूस लोहगावला खुर्चीत बसून असतो. नानासाहेबांना निदान कळलं नव्हतं. या दोन अवस्थांतली बरी कोणती, हे मला ठरवता येत नाही. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातही त्याला रकाना नाही.

एका बाबतीत मात्र भाऊ नक्की सुखी होते. सबंध प्रवासात 'पोचलास का?' असं दर तासाला विचारणारं शनिवारवाड्यात कुणी नव्हतं.