कर्तेपणाची वाटणी

व्यापारउदीम करणाऱ्या गृहस्थापुढे सांप्रत दोन शास्त्रीय विचार मोठ्या आग्रहाने मांडले जातात. एक नवनिर्मितीचा, दुसरा संकुलतेचा. पहिला सांगतो की, नवी कल्पना सुचण्याच्याही काही पायऱ्या असतात. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ साली पूर्वतयारी, मनात मुरणे, स्फुरणे आणि पडताळणे अशा चार अवस्था वर्णिल्या. दुसरा सांगतो की, जेथे पुष्कळ घटक परस्परांकडे पाहून वागतात तेथे समग्राचे वर्तन कोणत्याही एका घटकावरून कळत नाही, आणि आरंभीचा क्षुल्लक फरक पुढे प्रचंड होऊ शकतो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६१ साली संगणकावर एक गणित पुन्हा करताना सहा दशांश स्थळांऐवजी तीनच स्थळांचा आकडा घातला. काही वेळाने त्या गणितातले सारे हवामानच पालटलेले त्यांना दिसले.

या विचारांच्या सत्यतेविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो पेढीवर त्यांचा जो उपयोग केला जातो त्याविषयी. लाभ झाला की व्यावसायिक म्हणतो, ही माझ्या प्रतिभेची करामत. हानी झाली की तोच म्हणतो, परिस्थितीच गुंतागुंतीची, कोणी काय करणार? म्हणजे एकाच वहीत जमेच्या बाजूस नवनिर्मिती आणि नावेच्या बाजूस संकुलता लिहावयाची! अशी वही आकड्यांनी जुळली तरी नीतीच्या दृष्टीने खोटी होय.

प्रथम जमेची बाजू पाहू. आपल्या साहित्यशास्त्रात मम्मटाने काव्यनिर्मितीसाठी शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन अंगे सांगितली, परंतु ती तीन निरनिराळी कारणे न मानता तिन्ही मिळून एकच कारण मानले. त्यांतील निपुणता येते ती शास्त्रांच्या अध्ययनाने, तशीच लोकव्यवहाराच्या अवलोकनाने. काव्याविषयीचे हे म्हणणे कारखान्यासही लागू पडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे नगराच्या विस्तारात बेळगावची जागा सोडावी लागली; तेव्हा औंधच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. आता त्या नांगराचा कर्ता कोण? लक्ष्मणराव खरेच, पण ज्याने भीत भीत पहिला नांगर आपल्या रानात घातला तो शेतकरी, भट्टीपुढे उभे राहणारे कामगार आणि माळ देणारा राजा यांना वगळून तो यशस्वी झाला असता काय? लक्ष्मणरावांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. उलट, दोन वर्षे गिऱ्हाईक नसताना जो टिकून राहिला त्याचे धैर्य अधिकच उठून दिसते.

आता नावेची बाजू. त्यासाठी बेळगावाहून दक्षिणेस बेंगळूरुला जावे लागेल, जेथे याच घराण्याच्या नावाची विद्युत्‌यंत्रांची कंपनी १९४६ साली स्थापन झाली. त्या नगराच्या पूर्वेस महादेवपुरा आहे. २००७ पर्यंत तेथे स्वतंत्र नगरपरिषद होती. मग तो भाग महानगरपालिकेत मिळाला. आज जगभरच्या कंपन्यांची कार्यालये तेथे आहेत, आणि नवनिर्मिती व संकुलता हे शब्द ज्या इमारतींत दिवसभर घुमतात त्या याच. हा प्रदेश जुन्या तलावांचा. पूर्वजांनी एका तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळीच रचली होती. जोडणाऱ्या नाल्यांना तिकडे राजकालुवे म्हणतात. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते.

नगर वाढले तसे कोठे नाला अरुंद झाला, कोठे सखल जमीन भरून उंच करण्यात आली. प्रत्येकाने आपापल्या कुंपणापुरते पाहिले, आणि तेवढ्यापुरते ते चोखही असेल. परंतु २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठा पाऊस आला तेव्हा पाण्याने कुंपणे मानली नाहीत. मोठमोठ्या पगाराची माणसे ट्रॅक्टरवर आणि नावेत बसून बाहेर पडली. तेथील कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले की, ३० ऑगस्ट या एका दिवशी कर्मचारी वाहतुकीत अडकल्यामुळे २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाले. पुढे तत्कालीन महानगरपालिकेने नाल्यांवरील अतिक्रमणे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा यादीत काही तंत्रज्ञान-उद्यानांचीही नावे असल्याचे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. पत्रातील आकडा हानीचा होता. त्या हानीतील स्वतःच्या वाट्याचा आकडा कोणी काढावयाचा? (शासनाचा वाटा मोठा आहे हे उघडच आहे. परवानगी देणारा हात शासनाचाच असतो.)

कोणी म्हणेल, जेथे कारणे इतकी गुंतलेली आहेत तेथे दोष एकट्याचा कसा? खरे आहे, एकट्याचा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी तेथे अपक्व ठरविली आहे. पण वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की त्या पाचांतून कर्त्याला वगळलेले नाही. यशात तो पाचांतील एक असेल तर अपयशातही तो पाचांतील एक राहतोच. दैवाच्या आड लपावयास त्या श्लोकांत जागा नाही.

मग व्यवहारात करावयाचे काय? ज्याचा परिणाम पूर्णपणे दिसत नाही ते पाऊल लहान ठेवावे, म्हणजे मागे घेता येते. योजना आखताना तिचा लाभ कोणास, याबरोबर तिचे सांडपाणी कोणाच्या दारी, हेही कागदावर लिहावे. नव्या कल्पनेसाठी घेतल्या जाणाऱ्या बैठकीत त्या दारच्या माणसास बोलवावे. तो आला की कल्पना बहुधा बदलते आणि पुष्कळदा सुधारतेही. आपण गृहस्थदेखील यातून सुटलेले नाही. घराचे जोते हातभर उंच घेऊन अंगणात फरशी घातली की पाणी शेजाऱ्याच्या न्हाणीघराकडे वळते, आणि आपण मात्र यंदा आपल्याकडे ओल नाही म्हणून समाधान मानतो.

महादेवपुऱ्यात ज्यांची कार्यालये आहेत त्यांनी संकुलतेवरील पुढचे व्याख्यान ठेवण्यापूर्वी आपल्या आवारातून निघणाऱ्या नाल्याच्या काठाने, तो ज्या तलावास मिळतो तेथपर्यंत, एकदा पायी जावे. आणि वाटेत ज्यांच्या उंबरठ्याजवळून तो वाहतो त्यांना, २०२२ साली पाणी भिंतीवर कोठवर चढले होते, ते विचारावे.