कानांचा घसारा

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास ओळखता येतात : खोटी नोट आणि खोटं कौतुक. पहिली आम्ही बाजूला काढतो, दुसरं खिशात टाकतो. निदान माझा तसा समज होता. तो एका दुसऱ्या शनिवारी, पुण्याच्या एका दुकानात, दीड लाखाच्या स्पीकरजोडीसमोर गळून पडला.

त्याचं असं झालं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गाण्याचं वेड. सवाई गंधर्व महोत्सव 1953 साली सुरू झाला. पुढे लोणावळ्याहून गाडीने येऊन रमणबागेच्या मैदानात रात्र रात्र बसण्यात अण्णांची बरीच रजा आणि आईचा बराच संयम खर्ची पडला. हल्ली ऐंशीला टेकल्यापासून त्यांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र टेबलाच्या खणात असतं. "ते लावलं की पातेली ऐकू येतात, गाणं नाही," ही त्यांची तक्रार. मग मी ठरवलं, कान जुने झाले तर स्पीकर नवे आणावेत. जमाखर्चाचा हा नियम माझ्या बी. कॉम.च्या पुस्तकांत नव्हता.

दुकानदाराने आम्हाला जाड पडद्यांच्या खोलीत बसवलं. स्पीकरच्या जाळ्या काढल्या. आधी चाळीस हजारांची जोडी वाजवली, मग दीड लाखाची.

"फरक जाणवतो ना, साहेब?"

खरं सांगतो, मला जाणवला तो फक्त किमतीतला. पण हा प्रश्न इतक्या अदबीने येतो, की 'नाही' म्हणणं म्हणजे आपण आजवर वरातीतला बँडच ऐकत आलो अशी लेखी कबुली. मी डोळे मिटून मान डोलावली. "बेसमध्ये खोली आहे," असंही म्हणालो. हे वाक्य कुठून आलं, देव जाणे!

आता हे खोटं बोलणं झालं का? स्वतःच्या बचावासाठी मी पुष्कळ वाचलं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी 1994 साली चाळीस जणांना स्पीकर ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. दिसणारा स्पीकर दिसेनासा झाला, तसे गुणही बदलले. आणि हे चाळीस जण कोण, तर स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच नोकर! म्हणजे ऐकतात डोळे, कान नुसते खाली सही करतात. शिवाय दोहोंपैकी जो किंचित मोठ्याने वाजेल तोच चांगला वाटतो. आणि वय वाढतं तसे सर्वांत वरचे बारीक सूर आधी ऐकू येईनासे होतात. कानालाही घसारा असतोच, आणि माझा तर चाळिशी ओलांडून गेला आहे. थोडक्यात, लाखभर रुपये जादा मोजायचे ते नवा मालक जेमतेम ऐकणार अशा सुरांसाठी.

पण बचाव इथेच लंगडा पडतो. त्या चाळीस जणांना फरक खरोखर वाटला होता. मला वाटलासुद्धा नव्हता.

अण्णांचं मात्र छान चाललं होतं. मांडीवर ठेका, बरोबर समेवर "वा!" दुकानदार खूष. परतीच्या लोकलमध्ये कामशेत गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, कुठली जोडी आवडली?"

"ऐकू फारसं आलं नाही रे," ते म्हणाले, "पण डग्गा दिसत होता."

स्पीकरमधली ती काळी वाटी डग्ग्याच्या घुमेबरोबर थरथरते, तिच्यावर त्यांनी ताल धरला होता!

"मग 'वा' कशाला म्हणालात?"

"तू इतका लांब घेऊन आलास. तुझं तोंड बघून 'नाही' कसं म्हणू?"

मी गप्प बसलो. शब्द तोच, मी म्हणालो तोच. पण त्यांचा 'वा' माझ्यासाठी होता. माझा कुणासाठी होता, हे मला मळवलीपर्यंत सांगता येईना. मळवलीला अण्णांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. भाज्याच्या लेण्यांत तबल्यासारखी जोडी वाजवणारी एक बाई कोरलेली आहे.

"तिचा डग्गा दोन हजार वर्षं नुसता दिसतोच आहे," ते म्हणाले, "कुणी तक्रार केली का?"

पुढच्या महिन्यात मी चाळीस हजारांची जोडी आणली. लोणावळ्याच्या पावसात वाटीला बुरशी धरेल, जाळ्या काढू नका, असं दुकानदाराने बजावलं होतं. जाळ्या माळ्यावर आहेत. संध्याकाळी अण्णा समोर खुर्ची टाकून बसतात. त्याआधी मी मऊ फडक्याने दोन्ही वाट्या पुसून ठेवतो.