उघाडी आणि पेशीपटल

रेल्वेने पेण सोडलं की कासू, मग नागोठणे. रुळांच्या पश्चिमेला अंबा नदी धरमतर खाडीकडे जाते. तिच्या काठचा खारेपाट म्हणजे मातीचे बांध घालून भरतीपासून राखलेली भातशेती. बांधात उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप उघडते, भरतीला खाडीच्याच पाण्याने मिटते. पेशीपटल समजायला मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा या उघाडीची मदत जास्त झाली. आणि ही तुलना जिथे तुटते, तिथे सर्वांत जास्त.

भाताच्या पेशीला दोन आवरणं असतात. बाहेरची पेशीभित्तिका सेल्युलोजची, कणखर. पण विरघळलेलं मीठ तिच्यातून सहज जातं. त्याला अडवतं ते आतलं मऊ पटल. त्याची जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे लाखाहून जास्त पदर मावतील. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद वेगळा करून पाण्यावर पसरला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरला, आणि त्यावरून पटल दुपदरी असल्याचं त्यांनी ओळखलं. मेदाच्या रेणूंची पाणी मानणारी डोकी दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या मध्ये. पाण्याने वेढलेला मिठाचा आयन या तेलकट मधल्या भागातून जाऊ शकत नाही. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलं की हे पटल प्रवाही आहे आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. ही प्रथिनं म्हणजे पेशीच्या उघाड्या.

पाण्याला वाट सोपी आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं: बाहेर खारटपणा वाढतो आणि पेशींतलं पाणी पटलातून तिकडे निघून जातं. खाऱ्या जमिनीत, पायाशी पाणी असूनही भाताचं रोप कोमेजतं, ते याच कारणाने.

पण त्याहून अवघड प्रश्न मिठातल्या सोडियमचा. पोटॅशियम पेशीला हवाच असतो, सोडियम साचला की विष होतो, आणि दोघांवर विद्युतभार सारखाच. सोडियम तर आकाराने लहान. मग मोठ्याला आत घेऊन लहानाला थोपवायचं कसं? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जिवाणूच्या पोटॅशियम वाहिनीची रचना उलगडली, तेव्हा उत्तर दिसलं. आयनाला आत शिरताना अंगावरचं पाण्याचं वेष्टन उतरवावं लागतं. त्याची भरपाई करणारे ऑक्सिजनचे अणू वाहिनीत पोटॅशियमच्या मापाने बसवलेले आहेत. लहान सोडियमला तिथे नीट आधार मिळत नाही, म्हणून तो पाणी सोडत नाही. मात्र मुळांतली सगळीच दारं इतकी चोख नसतात. खारं पाणी भरलं की सोडियम आत येतोच.

आणि इथे उघाडीची तुलना संपते. उघाडी पाण्याच्या उतारावर, फुकट चालते. आत आलेला सोडियम बाहेर टाकायचा किंवा रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडायचा, तर पेशीला उताराविरुद्ध काम करावं लागतं. पटलातले पंप एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात. हे आयन परत आत येताना सोडियमला बाहेर घालवतात. ही ऊर्जा दाण्यासाठी असलेल्या साखरेतूनच येते.

म्हणून क्षारसहनशील बियाण्याबद्दल बोलताना मला सावध व्हावंसं वाटतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशा जाती दिल्या. हे काम मोलाचं आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या हातात त्यामुळे बियाणं तरी आलं. पण सहनशील बियाणं आहे, मग बांधाची घाई कशाला, हा विचार मला चुकीचा वाटतो. सहन करणं हा पेशीचा खर्च आहे. बांध जे मीठ बाहेरच थांबवतो, ते हटवायला रोपाला काहीच खर्चावं लागत नाही. बांधाला खांड पडली की तेच ओझं अब्जावधी पेशींच्या पटलांवर येतं, आणि भात सर्वांत हळवा असतो तो रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात. कोवळ्या रोपाच्या दिवसांत पाऊस मीठ धुऊन नेतो. फुलोऱ्यापर्यंत तो ओसरू लागतो, आणि त्याच सुमारास मोठी उधाणं येतात. तेव्हा शेतात मीठ किती शिरेल, हे बांध कसा राखलाय यावर ठरतं.