विमानाने हाताचं किती ऐकावं

२० जानेवारी १९७४. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर वायएफ-१६ हे नवंकोरं लढाऊ विमान फक्त धावपट्टीवर पळवून पाहायचं होतं. त्याची जॉयस्टिक वैमानिकाच्या उजव्या हाताशी, आणि ती हलतच नसे. मुठीचा दाब मोजूनच विमानाला हुकूम जाई. वेगात असताना विमान एका अंगाला कललं. वैमानिक फिल ऑस्ट्रायकर यांनी सावरायला उलट दाब दिला, तर ते दुसऱ्या अंगाला आणखी झुकलं. शेपटीकडचा पंख जमिनीला घासला, विमान धावपट्टी सोडू लागलं. तेव्हा थांबवण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी ते सरळ उडवलं आणि सुमारे सहा मिनिटांनी सुखरूप उतरवलं. ठरलेलं पहिलं उड्डाण झालं ते नंतर, २ फेब्रुवारीला.

विमान हाताचं ऐकत नव्हतं असं नाही. फारच ऐकत होतं. हात सावरायला किंचित उशिरा पोचतो, तोवर विमान परतीला लागलेलं असतं, आणि मग सावरणंच पुढचा झोका बनतं. पुढे या जॉयस्टिकला जराशी हालचाल दिली गेली. आपण किती दाबतोय हे हातालाही कळायला हवं ना!

घरी टेबलावर सिम्युलेटर उडवणाऱ्यांना हाच झोका लहान प्रमाणात भेटतो. सेसना १७२ या छोट्या विमानाचं योक, म्हणजे हातात धरायचं सुकाणू, ओढलं की चांगलं लांबवर बाहेर येतं. टेबलावरची जॉयस्टिक चार बोटं हलली तरी खूप. तेवढ्यात सगळा पल्ला कोंबलेला, म्हणून बोट हललं की नाक उसळतं. यावर उपाय म्हणून सेटिंगमधली सरळ रेषा वाकवून वक्र करतात: मधे हालचाल मऊ, टोकांना पूर्ण ताकद. उड्डाणाचा बहुतेक वेळ मधल्या त्या थोड्याशा जागेतच जातो, तेव्हा हे योग्यच. पण वक्र फार वाकवला की राहिलेली तीव्रता टोकांना जाऊन साठते. उतरताना शेवटच्या क्षणी नाक उचलायला हात मागे जातो आणि नेमका त्या तीव्र भागात शिरतो. चाकं टेकायच्या बेतात असलेलं विमान पुन्हा वर उचललं जातं.

डेड झोनचा, म्हणजे मधली थोडी हालचाल मुद्दाम न मोजण्याच्या सेटिंगचा, मोह तर त्याहून वाईट, असं माझं मत. सेन्सरच्या थरथरीपुरता तो ठीक. हाताची थरथर लपवायला वाढवला, की मधोमध एक बहिरा पट्टा तयार होतो. हात हलतो, विमान ढिम्म. आणि पट्टा संपताच एकदम जाग येते.

शिवाय एक गोष्ट सेटिंगमधल्या कुठल्याच स्लायडरच्या हाती नाही. खऱ्या सेसनाचा वेग वाढला की योक जड होतं, मंदावलं की सैल पडतं. वेग काट्याआधी तळव्याला कळतो. साध्या जॉयस्टिकची स्प्रिंग साठ नॉट्सला जेवढी, तेवढीच एकशेवीसला. खरा वैमानिक ट्रिमचं चाक फिरवतो ते हातावरचा हा भार उतरवण्यासाठी. टेबलावर भार बदलतच नाही, म्हणून पुष्कळजण ट्रिमला शिवतही नाहीत. जॉयस्टिक सतत पुढे दाबून धरतात, मनगट अवघडतं, बोटं थरथरतात, आणि मग दोष जातो संवेदनशीलतेच्या आकड्याला.