आता हिचा काय उपयोग?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर बेळगावजवळच्या खेड्यातल्या एका ताईंनी विचारलं, "आमची गावठी कोंबडी सहा वर्षांची झाली. वर्षभर अंडं नाही. आता चार दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, दाणा टिपत नाही. घरातले म्हणतात, आता हिचा काय उपयोग? हिच्यामागे धावपळ केली तर ती सेवा होते का हो, की माझा वेडेपणा?" विचारताना ताई जरा लाजल्या. पण हा प्रश्न घरोघरचा आहे. म्हणून आजचं चिंतन यावरच.

आधी तिने काय दिलं ते बघू या. एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले सुमारे 20 तास नुसतं कवच घडण्यात जातात. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. हे काम बरंचसं रात्री चालतं, तेव्हा पोटात पुरेसा दाणा नसतो. मग कमी पडलेला चुना तिच्या स्वतःच्या हाडांतून येतो. सकाळी खुराड्यात हात घालून आपण जे कोमट अंडं उचलतो, त्यात तिच्या हाडांचा अंश असतो. आणि हे तिने वर्षानुवर्षं, न मागता दिलेलं आहे.

आता गीतेकडे येऊ. 17व्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. 20व्या श्लोकात सात्त्विक दान येतं. देणं हे आपलं कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला आणि ज्याच्याकडून परत काही येणार नाही अशाला दिलेलं, ते सात्त्विक. लगेच पुढच्या श्लोकात परतफेडीची आशा धरून दिलेलं दान येतं, ते राजस.

कोंबडी अंडी देत होती तेव्हाही आपण तिला दाणा टाकत होतो. त्यात वाईट काही नव्हतं, पण तो व्यवहार होता. अंडी थांबली त्या दिवसापासून त्याच दाण्याचं नाव बदललं. मूठ तीच, दाणा तोच. ताईंना सेवेची संधी आता कुठे मिळाली आहे.

कुणी म्हणेल, कोंबडी कसली दानाला पात्र? आपले एकनाथ महाराज आठवा. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेलं गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातलं. पात्र कोण, हे नाथांनी तहानेवरून ठरवलं.

पण नुसता भाव असून भागत नाही. सेवा हातांनी करायची असते आणि त्याला थोडी माहिती लागते.

पहिलं, ती खरंच आजारी आहे का ते बघा. खुडूक बसलेली कोंबडीही अंडी देत नाही, पण ती जागा धरून बसते, हात नेला की फुगते आणि चोच मारते. पिसं गळण्याच्या काळात आणि थंडीत दिवस लहान झाले की अंडी थांबतात, तोही आजार नाही. आजारी कोंबडी मात्र प्रतिकार करत नाही, डोळे मिटते, तुरा फिका किंवा काळसर पडतो. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका, कोंबडीचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं.

दुसरं, तिला इतरांपासून वेगळी ठेवा. दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचतात. वारा लागणार नाही अशा जागी, डालग्यात पोतं आणि वर कोरडं गवत घालून बसवा. पाणी चोचीला सहज पुरेल असं जवळ ठेवा. मऊ शिजवलेला भात किंवा कण्या थोड्या थोड्या द्या.

तिसरं, सकाळी दाणा घालण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. तशीच घट्ट असेल तर अन्न पुढे सरकत नाही असं समजा. पंखांखाली आणि शेपटीखाली उवा आहेत का बघा. बरी असताना तिला चुलीच्या थंड, कोरड्या राखेत लोळू द्यावं, उवांचा त्रास कमी होतो. अंडी बंद झालेल्या कोंबडीला भरपूर चुन्याचं लेअर खाद्य देऊ नये, तिच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

चौथं, म्हातारपणीही एखादं अंडं आत अडकू शकतं. ती कुंथत असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, नीट कोरडी करा आणि अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. पोट दाबू नका, आत अंडं फुटलं तर जिवावर बेतेल. आराम पडला नाही किंवा पोट पाण्याने भरल्यासारखं लागलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरातली माणसांची औषधं अंदाजाने देऊ नका. आणि एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर हात न लावता आधी दवाखान्याला कळवा.

एवढं करूनही ती जगेलच असं नाही. म्हातारं शरीर आहे. डॉक्टरांनी आशा नाही म्हटलं, तर तिचा त्रास कसा कमी होईल तेच विचारावं. सेवेचं फळ आपल्या हातात नसतं. तिला शेवटपर्यंत पाणी, ऊब आणि शांत जागा मिळाली, तर सेवा पूर्ण झाली.

हे कुणाच्या ताटावर बोट ठेवायला लिहिलेलं नाही. आपल्या परिवारात सगळ्या चालीरीतींची घरं आहेत. विषय दारातल्या एका थकलेल्या जिवाचा आहे.

ताईंच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र मनातून जात नाही. "आता हिचा काय उपयोग?" हे घरात मोठ्याने बोललं जातं, तेव्हा पडवीत बसलेले आजोबा ऐकतात. ज्यांच्या हातांना आता भाकरी थापणं जमत नाही, त्या आजीही ऐकतात. बोलणं कोंबडीचं चाललंय हे त्यांना कळतं. तरी त्या दिवशी त्या जेवताना अर्धीच भाकरी घेतात. घरातली पोरंही तेच ऐकत मोठी होतात.

पण इथेही सावध राहू या. "पोरं बघतील आणि पुढे आपलंही करतील" असा हिशोब धरून सेवा केली, तर तो परत व्यवहारच झाला. दाणा टाकावा तो तिला भूक आहे म्हणून, एवढंच.

या आठवड्याचा संकल्प: ज्याच्याकडून आता आपल्याला काहीच मिळणार नाही, असा एक जीव शोधू या. माणूस असो, गाय असो, कोंबडी असो. त्याचं एक काम रोज स्वतःच्या हाताने करू या. आणि "काय उपयोग" हे शब्द आठवडाभर घरात कुणाबद्दलही उच्चारायचे नाहीत.

ताई, तुमचा वेडेपणा नाही. निःशंकपणे तिला जवळ घ्या.

जय गुरुदेव.

आपली एक सेवेकरी भगिनी