काळ्या पट्ट्या

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला जत्रा भरते. गोंड समाजाचे लोक दूरदूरच्या राज्यांतून डोंगर चढून गुहेपाशी येतात. आमच्याकडे त्या जत्रेची जुनी कॅसेट आहे, ४:३ मापाची, जवळपास चौकोनी. परवा ती १६:९ च्या नव्या टीव्हीवर लावली. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. भावाने लगेच झूम केलं. पडदा भरला, पण वर गुहेचं छत गेलं, खाली चालणाऱ्यांचे पाय गेले. हिशेबच तसा आहे, उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो. ताणून बसवलं तर काही जात नाही, फक्त आजी रुंद दिसते. (आम्ही हसलो. हसायला नको होतं.)

‘पैसे अख्ख्या पडद्याचे दिलेत,’ भाऊ म्हणाला. खरंय. पण प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’सुद्धा जवळपास चौकोनीच आहे, आणि मोबाइलवर दोन बोटांनी तो फाकवताना मीही कुठे विचार करतो? रिकामी जागा आपल्याला एवढी का टोचते, की ती भरायला माणसं कापलेली चालतात?

मी पट्ट्या परत आणल्या. भाऊ उठून गेला. आजी बसून राहिली. गर्दीत पाठमोऱ्या चालणाऱ्या एका बाईच्या पायांतल्या तोड्यांवरून तिने आपली मावशी ओळखली.